पाच किलो नट, पाच किलो बोल्ट आणि मोल नावाची भानगड

जुलै-ऑगस्टमध्ये अकरावीची पोरं माझ्याकडं यायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, केमिस्ट्री डोक्यावरनं जाते." दहावीला चांगले मार्क पाडलेली पोरं असतात ही, त्यातली बरीच मराठी मिडियमची, त्यामुळं अणूचा एकदम ॲटम आणि आम्लाचा ॲसिड झालेला असतो, ते एक वेगळंच दुखणं. पण खोदून विचारलं ना की नेमकं कुठं अडतंय, तर गाडी फिरून फिरून मोलवरच येते. नववीत द्रव्याचे मोजमाप नावाच्या धड्यात मोल येऊन गेलेला असतो, तेव्हा व्याख्या पाठ केलेली असते, आणि अकरावीत तोच मोल पहिल्याच धड्यात छाताडावर बसतो. मला विचाराल तर पोरांना केमिस्ट्री अवघड जात नाही, मोजणी अवघड जाते, आणि ती पण कुणी नीट दाखवली नाही म्हणून.

मी कशी शिकलो ते सांगतो. माझ्या काकांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. मी आठवीत असताना त्यांनी मला नट-बोल्ट आणायला पाठवलं, आठ एमएमचे, किती ते सांगितलं की नाही आता आठवत नाही, बहुतेक सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. दुकानात गेलो तर तिथं नट-बोल्ट कोण मोजून देत नाही, वजनावर देतात, तराजूत ओततात आणि कागदात बांधतात. मी शहाण्यासारखं सांगितलं पाच किलो नट द्या, पाच किलो बोल्ट द्या, समान समान. सायकलच्या कॅरिअरला बांधून घाम गाळत घेऊन आलो. काकांनी पिशवी उघडली, बघितलं, आणि मला म्हणाले, "एवढ्या नटांचं काय करू, माळ करून गळ्यात घालू का?"

कारण साधं आहे. त्या मापाचा बोल्ट साधारण २० ग्रॅमचा असतो आणि नट साधारण ५ ग्रॅमचा. पाच किलो बोल्ट म्हणजे २५० नग. पाच किलो नट म्हणजे १००० नग. एका बोल्टला एक नट लावायचा तर २५० जोड्या झाल्या की बोल्ट संपले, आणि साडेसातशे नट शिल्लक. वजन समान होतं पण संख्या समान नव्हती, आणि जोडी लावायची तर संख्या लागते, वजन नाही.

आता खरं सांगायचं तर अकरावीचा पहिला धडा इथंच संपतो. रसायनशास्त्रात अणू-रेणू एकमेकांना जोडले जातात ते नगावर, एकाला एक, एकाला दोन, दोनाला तीन असे. पण आपल्या हातात तराजू असतो, नग मोजायची सोय नसते. त्यामुळं आपण दुकानदारासारखं करतो, एका नगाचं वजन माहीत करून घेतो आणि ढिगाच्या वजनावरनं नग काढतो. १००० बोल्ट हवेत? २० किलो घे. १००० नट हवेत? ५ किलो घे. किलो वेगळे पण नग तेवढेच. मोल म्हणजे ह्या '१०००' च्या जागी ठेवलेला एक भलामोठा आकडा, बाकी काही नाही. डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. सहाच्या पुढं तेवीस स्थानं.

आकडा एवढा मोठा का, तर नग फार बारीक आहेत म्हणून. १८ ग्रॅम पाणी घ्या, म्हणजे घरातल्या छोट्या चमच्यानं साडेतीन चमचे, त्यात एक मोल रेणू असतात. जगातली आठशे कोटी माणसं एकाच वेळी मोजायला बसली आणि प्रत्येकानं सेकंदाला एक रेणू मोजला, न झोपता न जेवता, तरी ते साडेतीन चमचे मोजायला चोवीस लाख वर्षांच्या आसपास लागतील. मी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितलंय, तुम्हीपण करा, घातांकांची प्रॅक्टिस होईल.

आणि मोलचा आकडा ग्रॅमशी कसा जुळतो ते पण बघा, कारण इथं पोरं गप्प बसतात आणि मान हलवतात. कार्बनचा अणू १२, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६, हे आकडे म्हणजे अणूंची एकमेकांच्या तुलनेतली वजनं. ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या एका अणूच्या साधारण सोळापट जड. मग तुम्ही जेव्हा १ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेता तेव्हा दोन्हीकडं अणूंची संख्या एकच येणार, ५ किलो नट आणि २० किलो बोल्टसारखी. ती संख्या म्हणजे मोल. म्हणून नियम एवढाच, अणुभार किंवा रेणुभार जेवढा असेल तेवढे ग्रॅम तोला, एक मोल झाला. पाणी १८, चांदी १०८, साखर ३४२.

मोलच्या ह्या आकड्याला ॲव्होगॅड्रो संख्या म्हणतात, पण नाव ॲव्होगॅड्रो ह्या इटालियन शास्त्रज्ञाचं असलं तरी हा आकडा त्या माणसाला माहीतच नव्हता. त्यानं १८११ मध्ये एवढंच मांडलं होतं की तापमान आणि दाब सारखा असेल तर वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, मग वायू कुठलापण असो. जिवंत असेपर्यंत त्याला फारसं कुणी विचारलं नाही. नंतर १९०९ मध्ये ज्याँ पेराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्या संख्येला त्याचं नाव द्यायचं सुचवलं. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरनं करायचे, २० मे २०१९ पासून उलटं केलं, आकडाच पक्का ठरवून टाकला. जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, गणितं सोडवताना काही फरक पडत नाही.

आता समीकरण. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी होतं त्याच्या समीकरणात दोन एच-टू अधिक एक ओ-टू बरोबर दोन एच-टू-ओ असं लिहिलेलं असतं. पुढचे ते दोन, एक, दोन म्हणजे नग, म्हणजेच मोल. ते ग्रॅम नाहीत! हे मी वर्षाला कितीवेळा फळ्यावर लिहितो देव जाणे. इथं नग म्हणजे रेणू, आणि हायड्रोजन काय किंवा ऑक्सिजन काय, एका रेणूत दोन अणू जोडीनं असतात, म्हणून दोन मोल हायड्रोजन म्हणजे ४ ग्रॅम, एक मोल ऑक्सिजन म्हणजे ३२ ग्रॅम, पाणी झालं ३६ ग्रॅम. वजन जुळलं. पण मोल मोजले तर आधी तीन होते, नंतर दोन राहिले, आणि एखादं चौकस पोरगं लगेच विचारतं सर एक मोल गेला कुठं. कुठं गेला नाही. एका बोल्टला दोन नट लावले तर तीन वस्तू होत्या आणि झाली एक जोडणी, लोखंड तेवढंच राहिलं. अणू तेवढेच राहतात, वजन तेवढंच राहतं, गठ्ठे किती बांधले ते बदलतं.

आणि माझे ते साडेसातशे नट? त्याला अकरावीत लिमिटिंग रिएजंट म्हणतात, म्हणजे नट नाही, बोल्ट. जो आधी संपतो आणि काम थांबवतो तो. परीक्षेत हमखास फसवतात ते इथंच. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन दिलाय, आधी काय संपेल? घाईत पोरं हायड्रोजन लिहितात, कारण तो कमी दिसतो. नग काढा. हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. ऑक्सिजनच्या एका मोलला हायड्रोजनचे दोन लागतात, म्हणजे २ ला ४ लागले, हायड्रोजन ५ आहेत, एक उरला. संपला कोण, तर वजनानं सहापट असलेला ऑक्सिजन. पाणी झालं ४ मोल म्हणजे ७२ ग्रॅम, हायड्रोजन उरला २ ग्रॅम, बेरीज ७४, सुरुवातीला पण ७४ च होते. शेवटी ही बेरीज करून बघायची सवय लावा, निम्म्या चुका तिथंच सापडतात.

हे झालं हिशोबाचं. आता थोडं गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी जाऊ, कारण आपल्याकडं केमिस्ट्रीची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा दिवाळीनंतर गावोगावी पेटलेली असते आणि आपण तिथं फक्त रस पिऊन काकवी घेऊन परत येतो.

मामाच्या गावाला गुऱ्हाळ होतं, पंचगंगेच्या काठाला. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्या एका डब्यातनं चुन्याचं पाणी थोडं थोडं टाकायचा, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आली की झाऱ्यानं ओढून काढायचा. लहानपणी मला वाटायचं चुना म्हणजे पानाला लावतात तो, ह्यात कशाला घालतात, गुळाला चुन्याची चव नाही का येणार. उत्तर मला बारावीनंतर कळलं, ते पण स्वतःहून वाचलं म्हणून.

उसाचा ताजा रस थोडासा आंबट असतो म्हणजे आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच पाच-सव्वापाचच्या आसपास भरतो. मराठी पुस्तकात पीएचला सामू म्हणतात आणि आपल्याकडं शेतकऱ्याला हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरनं पोरांपेक्षा जास्त ओळखीचा आहे. आम्ल म्हणजे काय, तर जो पाण्यात हायड्रोजनचा धनभारित कण सोडतो, एच-प्लस. सामू म्हणजे त्या एच-प्लसचा हिशोब, परत मोलमध्येच. एक लिटरमध्ये ०.००००१ मोल एच-प्लस असतील तर सामू ५. ०.०००००१ असतील तर ६. शुद्ध पाण्यात २५ अंशाला ०.०००००० आणि मग १, म्हणजे सातवं स्थान, म्हणून ७. लॉग आला म्हणून घाबरायचं नाही, पॉइंटनंतर एक कितव्या घरात आहे ते मोजा, झालं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन नावाच्या माणसानं १९०९ मध्ये ही पद्धत काढली ती ह्या शून्यांना कंटाळूनच म्हणा ना. पण एक गोम आहे, सामू एकानं वाढला म्हणजे आंबटपणा 'थोडासा' कमी नाही झाला, दहापट कमी झाला. ५.३ चा रस ६.३ वर आणला तर एच-प्लसचे दहातले नऊ गेले.

गेले कुठं? चुन्यात. चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, तिच्यावर पाणी ओतलं की फसफसून गरम होते आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, ५६ ग्रॅमला १८ ग्रॅम पाणी, झाले ७४. (घरी करायचं असलं तर मोठ्या माणसासमोर, डोळ्यात उडालं तर खेळ नाही.) हे हायड्रॉक्साइड पाण्यात ओएच-मायनस सोडतं, एका चुन्यामागं दोन. एच-प्लस आणि ओएच-मायनस भेटले की पाणी. ह्यालाच उदासिनीकरण म्हणतात, नाव उदास आहे पण गुळव्याचं सगळं पोट ह्यावर आहे. शिवाय रसातल्या फॉस्फेटला धरून चुना कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ करतो, त्या गाळात बारीक कचरा अडकून मळीबरोबर वर येतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पण आंबटपणा एवढा नकोसा का? कारण साखरेचा रेणू आम्लात उकळला की मोडतो. साखर म्हणजे सुक्रोज, ३४२. त्यात पाण्याचा एक रेणू घुसतो, १८, आणि त्याचे होतात एक ग्लुकोज १८० आणि एक फ्रुक्टोज १८०. ३४२ अधिक १८ म्हणजे ३६०, जुळलं बघा. हे झाल्यावर गोडी काही कमी होत नाही, पण गूळ धरत नाही, रवा म्हणजे गुळाची ढेप मऊ राहते, आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाघळते. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस बांधावर पडून राहिला तर ही मोडतोड गाळपाच्या आधीच सुरू होते, म्हणून मामा ट्रॉली यायला उशीर झाला की गुऱ्हाळावर बसून शिव्या द्यायचा, त्याला सुक्रोज माहीत नव्हतं पण भाव किती पडणार ते माहीत होतं. आणि चुना जास्त झाला तरी वाट लागते, आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या उलट्या चुन्यासारख्या द्रावणात, ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटून काळपट रंग येतो. म्हणून तो थोडा थोडा टाकायचा. लॅबमध्ये ब्युरेटनं थेंब थेंब सोडून टायट्रेशन करता ना, तेच, फक्त इंडिकेटर म्हणून गुळव्याचे डोळे.

आता उकळण्याचं बघू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं साधं पाणी इथं १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. पण काहील उतरवायच्या वेळी पाकाचं तापमान ११८ च्या जवळ असतं. उकळतच असतो तो, मग पाण्यापेक्षा वीस अंश वर कसा? पाण्यात काहीही विरघळलं की त्याचे कण पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटायला अडचण करतात, मग जास्त उष्णता लागते. आणि गंमत अशी की किती वाढणार हे कण कसले आहेत ह्यावर नाही, किती आहेत ह्यावर ठरतं, परत नगच आले. एक किलो पाण्यात एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम, घातली तर उत्कलनबिंदू साधारण अर्ध्या अंशानं वाढतो. एक मोल मीठ घातलं, फक्त साडेअठ्ठावन्न ग्रॅम, तर जवळजवळ एक अंशानं, कारण मिठाचा एक नग पाण्यात फुटून सोडियम आणि क्लोराइड असे दोन होतात. काहिलीतल्या घट्ट पाकाला हे सूत्र सरळ लागत नाही कारण तिथं पाणीच थोडं उरलेलं असतं, पण दिशा तीच. गुळव्या काय थर्मामीटर लावत नव्हता, गार पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब टाकायचा, बोटानं गोळी वळते का बघायचा, आणि गोळी भांड्यावर आपटून टक्क आवाज आला की ओरडायचा. मग चार माणसं पळत यायची आणि काहील ओढायची. तेवढ्या वेळात मध्ये कोण पोरगं आलं तर त्याचं काही खरं नसायचं.

गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात ते ऐकलं असेल. ते सोडियम हायड्रोसल्फाइट, क्षपण करणारं रसायन, म्हणजे रंग देणाऱ्या रेणूंना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा रंग घालवतं. हवा लागत गेली की रंग बराचसा परत गडद होतो, म्हणून असा गूळ घरात महिनाभर ठेवला की मूळ रंगावर यायला लागतो. मी तरी तपकिरी गूळच घेतो.

ह्या क्षपणावर पोरांचा गोंधळ ठरलेला. इलेक्ट्रॉन घेतला तर त्याला क्षपण म्हणजे कमी होणं का म्हणायचं, घेतला म्हणजे वाढलं की! अरे पण इलेक्ट्रॉन ऋण आहे. धनभारित कणानं तो घेतला की धनभार कमी होतो, अधिक एकचा शून्य होतो, ते कमी होणं. आणि इलेक्ट्रॉन देणं ते ऑक्सिडीकरण. एक देतो तेव्हाच दुसरा घेतो, एकटा कुणी करत नाही, त्यामुळं 'फक्त क्षपण झालं' असं कधी लिहू नका.

डोळ्यानं बघायचं असेल तर चांदी. हुपरीचे पैंजण सगळ्यांनी बघितलेत, ते काळे पडतात ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळं, चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. पण त्याहून भारी प्रयोग लॅबमधला आहे. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घ्या, पाण्यासारखं स्वच्छ दिसतं (बोटाला लागू देऊ नका, काळे डाग आठवडाभर जात नाहीत, अनुभव आहे), त्यात तांब्याची तार सोडा आणि नळी हलवू नका. थोड्या वेळात तारेवर करडी लव दिसायला लागते, उन्हात पोरांच्या गालावर दिसते तशी. मग ती वाढत जाते, चकाकणाऱ्या सुया फुटतात, आणि द्रावणाला हळूहळू निळी झाक येते. निळं म्हणजे तांबं द्रावणात उतरलं, सुया म्हणजे चांदी बाहेर पडली. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन जातो, चांदीचा एक कण एकच घेतो, म्हणून एका तांब्यामागं चांदी दोन. एक बोल्ट, दोन नट. नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळलेली चांदी परत काढायला चांदीच्या धंद्यात तांब्याचे तुकडे टाकतात ते ह्याच हिशोबानं.

आता वही घ्या. तार १० ग्रॅम, पूर्ण विरघळली, सिल्व्हर नायट्रेट भरपूर आहे. तांबं ६३.५, चांदी १०८. चांदी किती मिळेल? उत्तर ३४ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. १७ आलं असेल तर दोन नटांऐवजी एकच लावलाय, आणि २० आलं असेल तर माझ्यासारखं वजनावर घेतलंय, परत पहिल्यापासून बघा.